डोंगर राखायचे, पण गावांसकट

सातारा, जावळी आणि पाटण या तीन तालुक्यांमधल्या २३५ गावांच्या परिसरात ‘नवीन महाबळेश्वर’ ही पर्यटननगरी उभी करायचे सरकारने २०१९ मध्ये ठरवले आणि त्या गावांच्या नियोजनाचे अधिकार महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे सोपवले. त्याच सह्याद्रीचा मोठा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित करण्याची मसुदा अधिसूचना केंद्र सरकारने ३१ जुलै २०२४ रोजी सहाव्यांदा काढली, आणि तीत महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र धरले आहे. या दोन्ही कागदांवरून गावाकडे जो वाद चालू आहे, तो मी शेफील्डमध्ये बसून वर्तमानपत्रांतून, आणि त्याहून जास्त घरच्यांच्या फोनवरून, ऐकत असते. माझे माहेर जावळी तालुक्यातले असल्यामुळे हा वाद माझ्यासाठी दूरचा नाही. वादाच्या दोन्ही बाजूंना एक दाखला मात्र हटकून येतो, तो इंग्लंडच्या खेड्यांचा. पर्यटननगरीचे समर्थक सांगतात की इंग्लंडने डोंगरातल्या खेड्यांना पर्यटनातून श्रीमंत केले, आणि विरोधक सांगतात की इंग्लंडने आपल्या डोंगरांना हात लावू दिला नाही. मी ज्या शहरात राहते त्याची पश्चिमेची हद्द नेमकी अशाच डोंगरी भागात संपते. त्यामुळे या दाखल्याची खरी बाजू मांडणे मला माझे काम वाटते.

शेफील्ड शहराच्या वायव्येला ब्रॅडफील्ड नावाची पॅरिश आहे. पॅरिश हे मुळात एका चर्चचे क्षेत्र; १८९४ च्या कायद्यापासून तिथे निवडून आलेली पॅरिश कौन्सिल, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी संस्था असते. क्षेत्रफळाने ब्रॅडफील्ड ही इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या पॅरिशपैकी एक मानली जाते. तिची बहुतेक वस्ती शहराला लागून असलेल्या स्टॅनिंग्टन, लॉक्सली, वॉरल, ऑटीब्रिज अशा गावांत आहे. पश्चिमेकडे चढत गेले की डंगवर्थ, लो ब्रॅडफील्ड आणि हाय ब्रॅडफील्ड लागतात, आणि त्यांच्याही वर स्ट्राइन्सच्या बाजूला झाडे नसलेली, पीटच्या काळ्या भुसभुशीत थराची आणि हेदरच्या झुडपांची उघडी माळराने सुरू होतात. यांना इथे मूर म्हणतात. ऑगस्टमध्ये हेदर फुलले की हे सगळे डोंगर जांभळे होतात आणि त्या दिवसांत मला कासची आठवण आल्यावाचून राहत नाही. माळाच्या खालच्या उतारांवर हिरवी कुरणे आहेत आणि त्यांच्या कडेने चुना किंवा माती न वापरता नुसते दगडावर दगड बसवून रचलेले गडगे मैलोन्‌मैल धावतात. कोकणातल्या माणसाला हे गडगे दाखवले तर तो रचणाऱ्याचा हात लगेच ओळखेल.

हाय ब्रॅडफील्डच्या टेकडीवर सेंट निकोलस चर्च आहे. त्याचे आजचे बांधकाम बहुतांशी पंधराव्या शतकातले आहे. चर्चच्या मागे झाडीत बेली हिल नावाचा मातीचा उंचवटा आहे. मध्ययुगातल्या गढीचा तो अवशेष. दफनभूमीच्या कडेला एक लहानसे पहाऱ्याचे घर आहे, कारण एके काळी वैद्यकीय शाळांना विकण्यासाठी प्रेते पळवणाऱ्या टोळ्या फिरत असत आणि नव्या थडग्यांवर नातेवाइकांना रात्री जागता पहारा ठेवावा लागे. खाली लो ब्रॅडफील्डमध्ये नदीकाठी क्रिकेटचे मैदान आहे. उन्हाळ्यातल्या शनिवारी तिथे सामना चालू असला की पाहुण्यांना वाटते, हे गाव शेकडो वर्षे असेच शांत असणार.

ते तसे नव्हते. ११ मार्च १८६४ च्या रात्री, याच खोऱ्यात नुकत्याच बांधून झालेल्या आणि पहिल्यांदाच भरत असलेल्या डेल डाइक धरणाचा मातीचा बांध फुटला. पाणी लो ब्रॅडफील्डवरून, डॅमफ्लास्क नावाच्या वस्तीवरून, लॉक्सली नदीच्या काठच्या गिरण्या आणि घिसाड्यांच्या भट्ट्यांवरून शेफील्डमध्ये शिरले आणि किमान २४० माणसे मेली. पहिला बळी लो ब्रॅडफील्डमधले जन्मून जेमतेम एक दिवस झालेले बाळ होते. नुकसानभरपाईसाठी साडेसहा हजारांहून अधिक दावे दाखल झाले. मृत्यूंच्या चौकशीत बसलेल्या पंचांनी तेव्हाच सांगितले होते की अशा बांधकामांवर सरकारची नियमित तपासणी असली पाहिजे. पण ब्रिटनमध्ये जलाशयांच्या सुरक्षिततेचा कायदा आला तो १९३० मध्ये, तोही १९२५ साली वेल्समधल्या डॉलगॅरोग गावावर धरणाचे पाणी कोसळून माणसे मेल्यानंतर. मध्ये ६६ वर्षे गेली. पुण्याच्या वाचकाला इथे १२ जुलै १९६१ चे पानशेत आठवेल आणि आपल्याकडे धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये झाला, हेही आठवेल. त्याआधी दोनच वर्षे, जुलै २०१९ मध्ये, चिपळूणजवळचे तिवरे धरण फुटून खालची वाडी वाहून गेली होती. डोंगरातल्या माणसाच्या जिवाची दखल कायद्यात उतरायला दोन्ही देशांत साधारण सारखाच वेळ लागला. म्हणून इंग्रज राज्यव्यवस्था मुळातच शहाणी आहे असे कोणी म्हणू लागले की मला ते पटत नाही.

डॅमफ्लास्कची जागा आज त्याच नावाच्या जलाशयाखाली आहे. स्ट्राइन्स, डेल डाइक, अॅग्डन आणि डॅमफ्लास्क हे ब्रॅडफील्डचे चारही जलाशय शेफील्डच्या पाण्यासाठी बांधले गेले. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, डर्बीशायरच्या हद्दीत, लेडीबोअर धरणासाठी डरवेंट आणि अॅशॉप्टन ही दोन अख्खी गावे बुडवली. ते धरण १९४५ मध्ये राजाच्या हस्ते सुरू झाले. फरक एवढाच की अॅशॉप्टन आणि डरवेंटच्या लोकांसाठी यॉर्कशायर ब्रिज इथे घरे आधी बांधली गेली आणि डरवेंटच्या दफनभूमीतले अवशेष काढून बॅमफर्डला पुन्हा पुरले गेले. त्या गावांची शेती आणि गाव म्हणून असलेले जगणे परत मिळाले नाही, परंतु छप्पर मिळाले. आपल्याकडे सेनापती बापटांनी १९२१ पासून मुळशीत जे सांगितले, आणि कोयनेच्या धरणग्रस्तांना सहा दशकांनंतरही ज्यासाठी मोर्चे काढावे लागतात, ते याच्या शेजारी ठेवले म्हणजे तुलना कुठे करायची ते कळते. डोंगर शहराला पाणी आणि वीज देतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. ती घेताना शहराने डोंगरातल्या माणसाशी व्यवहार कसा केला, तिथे अंतर पडते.

आता त्या माळरानांविषयी. इंग्लंडने डोंगरांना हात लावला नाही, हे विधान ब्रॅडफील्डच्या कोणत्याही टेकडीवर उभे राहून केले तरी चूकच ठरेल. इथले जंगल हजारो वर्षांपूर्वीच तोडले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला संसदेच्या कायद्याने सामाईक माळांची आवारबंदी झाली. ज्या माळावर गावातला गरीब माणूसही गुरे चारत असे आणि जळणासाठी पीट काढत असे, त्याचे तुकडे पाडून ते जमीनदारांच्या नावावर चढले. आपण ज्या सरळसोट गडग्यांची छायाचित्रे काढतो त्यांपैकी पुष्कळसे या आवारबंदीचे आहेत. आपल्या भाषेत सांगायचे तर गावाचे गायरान गेले आणि त्याच्या हद्दीच्या खुणा आज वारसा म्हणून जपल्या जातात. वरचे मूर ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखले गेले. कोवळे हेदर खाऊन हे पक्षी वाढावेत म्हणून माळाचे पट्टे दर हिवाळ्यात जाळण्याची प्रथा पडली, आणि ती पूर्ण थांबलेली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये या जाळण्याचा धूर शेफील्ड शहरावर पसरला तेव्हा माझ्या घरातही खिडक्या लावून बसावे लागले होते. पीट जळाले की त्यात साठलेला कार्बन हवेत जातो आणि उघड्या पडलेल्या माळावरून पाणी वेगाने खाली येते. पीट धरून ठेवणारे स्फॅग्नम शेवाळ पुन्हा लावण्याचे काम गेली वीसेक वर्षे या डोंगरांवर चालू आहे. सह्याद्रीच्या पठारांवर वणवा लावणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो. इथे तोच वणवा मोठ्या इस्टेटीचा व्यवस्थापक नियोजन करून लावतो.

तरीही या डोंगरांवर आज कोणीही मोकळेपणाने चालू शकतो, आणि ते कसे झाले हे आपल्याकडच्या शहरी निसर्गप्रेमींनी समजून घ्यावे असे मला फार वाटते. शेफील्डच्या पोलादी कारखान्यांत आठवडाभर राबणाऱ्या माणसांना रविवारी मोकळी हवा हवी होती आणि शहराच्या दारातला डोंगर बंदुकधारी राखणदारांनी अडवला होता. जी. एच. बी. वॉर्ड यांनी १९०० मध्ये शेफील्ड क्लॅरिअन रॅम्बलर्स हा पदभ्रमण करणाऱ्या कामगारांचा संघ सुरू केला. २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउट या डोंगरावर सामूहिक प्रवेशाचे आंदोलन झाले आणि त्यात तरुणांना तुरुंगवास झाला, ते बरेच प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेफील्डचे लोक ब्रॅडफील्डच्या माळावरून जाणाऱ्या ड्यूक ऑफ नॉरफोकच्या रस्त्याने, अडवणुकीला न जुमानता, अॅबी ब्रुककडे गेले, हे तुलनेने कमी जणांना माहीत असते. या लढ्यांच्या पार्श्वभूमीवर १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि ब्रॅडफील्डचा पश्चिमेचा मोठा भाग त्यात गेला. माळांवर चालण्याचा कायदेशीर हक्क मात्र २००० च्या कायद्याने मिळाला. या साऱ्या काळात शहरातल्या कामगाराने डोंगराकडे पायवाट मागितली. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाने सह्याद्रीकडे गेल्या तीस वर्षांत प्रामुख्याने मागितला तो प्लॉट, आणि त्या प्लॉटपर्यंत डांबरी रस्ता. ट्रेकिंग करणाऱ्या तरुणांची पिढी याला अपवाद आहे, आणि मला आशा वाटते ती तिच्याकडूनच.

ब्रिटनमधल्या राष्ट्रीय उद्यानाचा अर्थ आपल्या चांदोलीसारखा नाही. चांदोलीच्या गावांना उठवले गेले. पीक डिस्ट्रिक्टच्या सुमारे १,४४० चौरस किलोमीटरमध्ये ३५ हजारांहून जास्त माणसे राहतात, शेती करतात, दुकाने चालवतात, आणि बहुतेक जमीन खासगी मालकीची आहे. थोडी जमीन सोडली तर उद्यानाचे प्राधिकरण जमिनीचे मालक नसते. बांधकामाला परवानगी द्यायची की नाही हे ठरवणे हा त्याचा मुख्य अधिकार. त्याच्या सदस्यांमध्ये स्थानिक कौन्सिलांचे नगरसेवक, केंद्र सरकारने नेमलेले लोक आणि पॅरिशमधून आलेले प्रतिनिधी असतात. एखाद्या शेतकऱ्याला जुन्या दगडी गोठ्याचे घर करायचे असेल तर त्याचा अर्ज, नकाशे, वटवाघळांच्या सर्वेक्षणाचा अहवाल, शेजाऱ्यांच्या हरकती आणि पॅरिश कौन्सिलचे मत हे सगळे कोणालाही घरबसल्या वाचता येते. निर्णय लेखी कारणांसह येतो. नकार मिळाला तर सरकारी निरीक्षकाकडे अपील करता येते. पॅरिश कौन्सिलला स्वतः निर्णय घेण्याचा अधिकार नाही आणि तिचे मत पुष्कळदा बाजूलाही ठेवले जाते, पण ते नोंदवले जाते आणि का बाजूला ठेवले ते सांगावे लागते. खिडकीच्या चौकटीचा रंग आणि छपराच्या दगडी कौलांचा आकार यांवर इथे महिनोन्‌महिने पत्रव्यवहार चालतो. सुरुवातीला मला तो वेळेचा अपव्यय वाटत असे. आता वाटत नाही, कारण आमच्या गावाच्या वरच्या टेकाडाचा उतार जेसीबीने दोन रात्रींत कापला गेला तेव्हा कोणत्या कचेरीत कोणता कागद कोणाच्या सहीने निघाला, हे गावातल्या एकाही माणसाला आजतागायत कळलेले नाही.

एवढे सांगून झाल्यावर या व्यवस्थेने काय घालवले तेही सांगितले पाहिजे, कारण दाखला देणारे तिथेच थांबतात. ब्रॅडफील्डसारख्या गावांची शोभा टिकली, म्हणूनच तिथली घरे शहरातल्या निवृत्त डॉक्टर-वकिलांना हवीशी झाली. नवे बांधकाम जवळजवळ बंद आणि मागणी चढती, त्यामुळे मेंढपाळाच्या किंवा शिक्षिकेच्या पगारात तिथे घर घेणे अशक्य होत गेले. उद्यानाच्या नियमांत यावर एक उपाय आहे: स्थानिक गरजेची परवडणारी घरे बांधता येतात आणि ती गेल्या २० वर्षांतली किमान १० वर्षे त्या किंवा लगतच्या पॅरिशमध्ये राहिलेल्यांना दिली जातात. नियम चांगला आहे. अशी घरे गरजेच्या मानाने फार थोडी बांधली जातात. तरुण कुटुंबे खाली शहराकडे सरकतात, शाळेचा पट घटतो, बस कमी होते, आणि डोंगरातल्या खेड्यांमध्ये सायंकाळी दिवे लागतात ते बहुतेक साठीच्या पुढच्या माणसांच्या घरांत.

याचे मूळ कायद्याच्या रचनेत आहे असे माझे मत आहे. १९९५ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानांना दोन उद्दिष्टे दिली: निसर्ग, वन्यजीव आणि सांस्कृतिक वारशाचे जतन व संवर्धन, आणि लोकांना त्याचा आस्वाद घेता येणे. या दोहोंत विरोध आला तर जतनाला अधिक वजन द्यायचे, हेही त्यात आहे. तिथे राहणाऱ्यांचे आर्थिक आणि सामाजिक कल्याण मात्र उद्दिष्ट नाही. ती दोन उद्दिष्टे साधताना पार पाडायचे ते कर्तव्य आहे. वाचायला हा बारीक फरक वाटेल. पण ३० वर्षे प्रत्येक निर्णय या उतरंडीने घेतला गेला की गाव राखले जाते आणि गावकरी हळूहळू बदलले जातात.

शेतीची स्थितीही नाजूक आहे. या उतारांवर धान्य पिकत नाही. मेंढ्या आणि थोडी गुरे हाच व्यवसाय. पांढऱ्या तोंडाची वुडलंड ही मेंढीची जुनी जात याच डोंगरांतली आणि आता दुर्मीळ झालेली. मेंढीपालनाचे गणित कित्येक दशके युरोपच्या अनुदानावर चालले. ब्रेक्झिटनंतर ते थेट अनुदान इंग्लंडमध्ये टप्प्याटप्प्याने बंद केले जात आहे आणि त्याच्या जागी आलेली, निसर्गाची कामे केल्याबद्दल पैसे देणारी योजना मार्च २०२५ मध्ये पैसे संपल्याचे सांगून नव्या अर्जांसाठी अचानक बंद झाली. गडगे दुरुस्त कोण करणार, हा इथल्या वादातला प्रश्न आहे. पर्यटकाला तो गडगा दिसायला हवा असतो. तो पडला तर पुन्हा रचणारा माणूस त्या गावात राहायला हवा, आणि त्याला रोजगार हवा.

या पॅरिशमधली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट कोणत्याही संरक्षित यादीमुळे टिकलेली नाही. डंगवर्थमधल्या रॉयल हॉटेल या साध्या गावठी पबमध्ये नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळच्या दुसऱ्या दिवसापर्यंत दर रविवारी दुपारी लोक खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि या खोऱ्यापुरती असलेली नाताळची गीते गातात. एकोणिसाव्या शतकात चर्चच्या सुधारकांना ही गावरान, जोरकस चालींची गीते शोभेनाशी झाली. ती देवळातून बाहेर काढली गेली आणि पबने ती सांभाळली. हातात छापील कागद नसतो, बहुतेकांना ती पाठ असतात, आणि शेजारच्या गावात त्याच शब्दांना निराळी चाल असते. मी पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा मला आमच्याकडच्या काकड आरतीची आठवण झाली, गळा चांगला असण्याची अट नसलेली. तिथे गाणारे थोडे कमी झाले आणि पाहायला येणारे वाढले, अशी चिंता आता जाणते लोक बोलून दाखवतात. चर्चच्या दगडांची डागडुजी निधी मिळवून करता येते. चाल पुढे जायला त्या गावात मुले वाढावी लागतात.

आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि त्यांतले साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंत ११ किल्ले महाराष्ट्रात आहेत. त्या दिवशी इथल्या आम्हा मराठी मंडळींनाही अपार आनंद झाला. पण राजगड म्हणजे केवळ बालेकिल्ला आणि माच्या नव्हेत. गुंजवणे आणि पाली या पायथ्याच्या गावांनी वाटा, टाक्या, देवतांची पूजाअर्चा आणि गडाची नावे यांची स्मृती सांभाळली आहे. देवरायांचेही तसेच. वारसा मिळाल्यावर त्या गावांतली जमीन कोण विकत घेतो यावर लक्ष ठेवणारी कोणतीही व्यवस्था मला दिसत नाही, आणि ब्रॅडफील्डचा अनुभव सांगतो की ते लक्ष पहिल्या दिवसापासून लागते. कासचे उदाहरण तर ताजे आहे. पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेले, गर्दी आवरण्यासाठी कुंपण घातले गेले, गुरांची चराई थांबली, आणि पुढे गावकरी व वनस्पतींचे जाणकार सांगू लागले की चराई थांबल्याने फुलांवरच परिणाम होतो आहे. शेवटी ते कुंपण काढावे लागले. गवळी धनगराची गुरे त्या पठाराचा भाग होती.

म्हणून गावाकडच्या वादातली दोन्ही ठोकळेबाज उत्तरे मला मान्य नाहीत. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल २०११ मध्ये सादर झाला, तेव्हा त्यात संवेदनशील क्षेत्राच्या सीमा आणि नियम ग्रामसभांशी बोलून पक्के करावेत असे म्हटले होते. तो अहवाल लोकांपुढे यायला पुढचे वर्ष उजाडले, आणि दरम्यान डोंगरातल्या माणसाला सांगितले गेले की शेती बंद होणार, घराला कौल घालता येणार नाही. त्यानंतर नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीच्या अहवालावरून निघालेल्या केंद्राच्या मसुद्यात प्रत्यक्षात बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, औष्णिक वीजप्रकल्प, अतिप्रदूषक ‘लाल’ वर्गातले नवे उद्योग, २० हजार चौरस मीटरहून मोठी बांधकामे आणि ५० हेक्टरांहून मोठ्या वसाहती यांवर. आमच्या गावात एवढे मोठे घर कोणी बांधणार नाही. ज्यांना बांधायचे आहे त्यांनी गावकऱ्याच्या भीतीचा आधार घेतला, असे मी जबाबदारीने म्हणते. पण भीती निराधार नव्हती, हेही तितकेच खरे. वनखात्याचा आणि महसूल खात्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव ज्याच्या गाठीशी आहे, तो नव्या नकाशावर विश्वास का ठेवील? माळीण २०१४ मध्ये, पाटणमधले आंबेघर आणि मिरगाव २०२१ मध्ये आणि इर्शाळवाडी २०२३ मध्ये दरडींखाली गेल्यावर डोंगराच्या पोटात बेदरकार खोदकाम नको, हे सांगायला तज्ज्ञही लागत नाही. त्या गावांतल्या लोकांना सुरक्षित जागी घर मिळाले की नाही, हा प्रश्न मात्र संवेदनशील क्षेत्राच्या चर्चेत क्वचित येतो.

माझे वडील मुंबईच्या बाजारात माथाडी होते. पाटण-जावळीच्या घरांमधून अण्णासाहेब पाटलांची तसबीर दिसते ती याच नात्याने. १९६९ च्या माथाडी कायद्याने डोंगरातल्या हजारो कुटुंबांना ताठ उभे केले. त्या पिढीने घर गावात ठेवले आणि अंग मुंबईत झिजवले. जी गावे आज ‘अनाघ्रात निसर्ग’ म्हणून जाहिरातीत येतात, ती मुंबईहून आलेल्या मनीऑर्डरींवर टिकली. त्यांना काय हवे ते विचारले तर उत्तर सोपे असते: एप्रिल-मेमध्ये पिण्याचे पाणी, दोन वेळची एसटी, बाळंतीण न्यायला वेळेवर गाडी, आणि वीसपेक्षा कमी पट असला तरी चालू राहणारी शाळा. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळांची समूह शाळा करण्याचे प्रस्ताव सरकारने मागवले तेव्हा डोंगरातल्या वाड्यांचा जीव त्यामुळेच धास्तावला. पर्यटननगरीच्या आराखड्यात यांपैकी किती गोष्टी केंद्रस्थानी आहेत, ते प्रत्येकाने आपल्या गावाचे पान उघडून पाहावे. रस्ते बांधणाऱ्या महामंडळाकडे गावांच्या नियोजनाचा अधिकार असणे मला मुळातच अयोग्य वाटते. ज्याचे कामच रस्ता हे आहे, तो गावाकडे रस्त्यावरूनच पाहणार.

तेव्हा इंग्लंडकडून घ्यायचेच तर अर्ज, नकाशे आणि कारणे सर्वांसमोर ठेवण्याची शिस्त घ्यावी, आणि चालण्याचा हक्क घ्यावा. जमिनीची मूठभर हातांतली मालकी आणि गावकऱ्याच्या कल्याणाला दिलेले दुय्यम स्थान घेऊ नये. ब्रॅडफील्डच्या पॅरिश कौन्सिलकडे नसलेली एक गोष्ट आपल्याकडे आधीपासून आहे, ती कायद्याने अधिकार असलेली ग्रामसभा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवला आणि पुढे आपला बांबू स्वतः विकला. इथल्या पॅरिशच्या सदस्यांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी ते दोनदा विचारून घेतले, कारण गावाने एकत्र बसून जंगलाचा कारभार करावा हे त्यांच्या कायद्यात कुठेच बसत नाही.

केंद्राच्या मसुद्यावर हरकती घेण्याची मुदत ६० दिवसांची होती. मसुदा ३१ जुलैला निघाला, म्हणजे ती मुदत ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये गेली. त्या दोन महिन्यांत जावळी-पाटणच्या वरच्या वाड्यांत धुके आणि पाऊस यांमुळे दिवसेंदिवस वीज नसते, दरडीने रस्ते अडतात, आणि माणसे भात-नाचणीच्या लावणीत आणि बेणणीत गुंतलेली असतात. यापुढचा कोणताही मसुदा, संवेदनशील क्षेत्राचा असो वा नवीन महाबळेश्वरचा, दिवाळीनंतर निघावा. त्याचा नकाशा मराठीत आणि गट नंबरांसह प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा. मुंबईला असलेल्या चाकरमान्यांनाही येता येईल अशा दिवशी ग्रामसभा बोलवावी, आणि गावाने घेतलेली प्रत्येक हरकत का मान्य किंवा अमान्य झाली ते त्याच भिंतीवर लेखी लावावे.